मारामारी उसनी चालेल, हशा घरचाच हवा

मल्याळम किंवा तेलुगूत एखादा हाणामारीचा विनोदी सिनेमा चालला, की त्याच्या तमिळ रिमेकची आवई उठते आणि मागोमाग नेहमीचं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, मूळ सिनेमा सबटायटल्ससकट मोबाइलवर पडलेला असताना तोच पुन्हा कशाला काढायचा? दुसरी बाजू आपल्या लाडक्या स्टारचा फोटो चिकटवून सांगते, की आमचा हिरो हे काम मूळ नटापेक्षा दुपटीने भारी करेल. दोन्ही बाजू अस्सल आणि नक्कल यांची तुलना करत बसतात. सिनेमातलं काय राज्याची हद्द ओलांडून जसंच्या तसं नेता येतं आणि काय पलीकडे गेल्यावर नव्याने उभं करावं लागतं, हे कोणी विचारतच नाही. माझं मत असं, की रिमेक करायला सर्वांत सबळ कारण असलेला प्रकार कोणता असेल तर तो अ‍ॅक्शन कॉमेडी. आणि नासवला जातो तोही हाच, कारण करणारे मूळ सिनेमातले विनोद उचलतात आणि त्या विनोदांच्या खाली असलेली भीती तिथेच सोडून येतात.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी मान्य करू. तमिळ प्रेक्षकाला आज शेजारचा सिनेमा बघायला कोणाची मध्यस्थी लागत नाही. २०२४ साली ‘मंजुम्मेल बॉइज’ तमिळनाडूत मल्याळममध्येच तुफान चालला, कोणी त्याचा रिमेक होण्याची वाट पाहिली नाही. आणि आधीच पाहिलेल्या सिनेमाचा रिमेक कसा आपटतो, याचं उदाहरण हिंदीत आहे. ‘अला वैकुंठपुरमुलो’ हा तेलुगू सिनेमा २०२० चा. त्याचं हिंदी डबिंग २०२२ मध्ये टीव्हीवर फुकट दाखवलं गेलं आणि २०२३ मध्ये त्याचाच रिमेक ‘शहजादा’ तिकीट लावून आला. ज्या माणसाने घरी बसून हसून घेतलंय, तो तेच प्रसंग दुसऱ्या चेहऱ्यांनी बघायला पैसे का मोजेल? इथवर विरोधकांचं सगळं बरोबर. पण ‘मंजुम्मेल बॉइज’ घडतो कोडाईकनालच्या गुणा गुहेत, त्यातले कितीतरी संवाद मुळातच तमिळ आहेत, आणि त्यातला ताण खड्ड्यात पडलेल्या मित्राला बाहेर काढण्याचा आहे. तो तमिळ प्रेक्षकाला परका नव्हताच. त्याच्या यशावरून ‘रिमेकचा जमाना संपला’ असा निकाल देणं घाईचं आहे.

डबिंगवाले म्हणतात, ‘बाहुबली’, ‘केजीएफ’, ‘पुष्पा’ डबिंगवरच देशभर गेले ना? गेले. पण त्यांत प्रेक्षक धरून ठेवतं ते भव्यता आणि सूड, आणि या दोन्हींना संवाद कमी लागतात. विनोदाचं तसं नसतं. डबिंगचा लेखक आधी ओठांकडे बघतो. प, ब, म म्हणताना पडद्यावर ओठ मिटतात, म्हणून क्लोजअपमध्ये नव्या वाक्यातही त्याच जागी ओठ मिटवणारं अक्षर बसवावं लागतं. लाँग शॉटमध्ये किंवा पाठमोऱ्या नटाला थोडी सूट मिळते, पण विनोदाचा नेमका शब्द बहुतेक वेळा क्लोजअपमध्येच असतो. तेलुगूतून तमिळमध्ये जाताना एक फायदा जरूर आहे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचा फटका त्याच जागी पडतो. तरी लांबी जुळत नाही, आणि ती जुळवायला तमिळ संवाद अनेकदा पुस्तकी होतो. तमिळमध्ये लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांत मोठं अंतर आहे. रस्त्यावरचा गुंड पुस्तकी तमिळ बोलायला लागला, की थिएटर त्याच्या विनोदाला हसत नाही, त्यालाच हसतं. वर हशाची जागा. विनोदी दृश्याचा संकलक वाक्यानंतर सेकंद-दीड सेकंद मोकळा सोडतो, कारण थिएटर हसत असताना पुढचं वाक्य वाया जातं. डबिंगमध्ये लांबलेलं वाक्य नेमकी तीच मोकळी जागा खाऊन टाकतं. ‘पुष्पा’चं हिंदी डबिंग लोकांच्या तोंडी बसलं, ते श्रेयस तळपदेने तेलुगू आवाजाची नक्कल न करता हिंदी कानाला वेगळा माणूस उभा केला म्हणून. म्हणजे तिथलं डबिंगही निम्मं रिमेकच होतं.

आता ‘पोकिरी’ बघा. पुरी जगन्नाथचा तेलुगू सिनेमा २००६ चा. तमिळमध्ये प्रभुदेवाने विजयला घेऊन तो ‘पोक्किरी’ नावाने २००७ च्या पोंगलला आणला आणि नंतर त्यानेच हिंदीत ‘वाँटेड’ केला. तिन्हींत मुख्य खलनायक एकच नट आहे, प्रकाश राज. तोच डॉन, तोच थाट, फक्त भाषा वेगळी. आणि कुठेही कोणाला खटकलं नाही. पण विनोदाचं काय झालं? तेलुगूत ब्रह्मानंदमचा सॉफ्टवेअर इंजिनीयर आणि अलीची भिकाऱ्यांची टोळी होती. तमिळमध्ये तो सगळा पदर उपसून काढला आणि तिथे वडिवेलूचा कुंग फू शिकवणारा ‘बॉडी सोडा’ आणून बसवला. तमिळनाडूत आजही ‘पोक्किरी’तले जे तुकडे मीम म्हणून फिरतात त्यांत वडिवेलूचा वाटा मोठा आहे, आणि ते मूळ सिनेमात नव्हतेच. धमकीला फार संदर्भ लागत नाही. हशाला लागतो: कोण कोणाला कुठल्या बोलीत टोमणा मारतोय, या नटाला आपण याआधी किती सिनेमांत मार खाताना पाहिलाय, याचा. ‘फ्रेंड्स’चंही तेच. सिद्दिकने स्वतःचाच १९९९ चा मल्याळम सिनेमा २००१ मध्ये तमिळला केला. रंगकामाचा कंत्राटदार आणि त्याच्या डोक्यात वरून पडणारा हातोडा हा प्रसंग दोन्हींत आहे. मल्याळममध्ये तिथे जगती श्रीकुमार होता, तमिळमध्ये वडिवेलूचा नेसमणी. प्रसंग उसना, माणूस मात्र पूर्ण तमिळ. इतका, की २०१९ मध्ये अठरा वर्षांपूर्वीच्या त्या काल्पनिक कंत्राटदाराच्या प्रकृतीसाठी लोकांनी ट्विटरवर प्रार्थनेची लाट उठवली.

रिमेक ही आळशी निर्मात्यांची अलीकडची खोड आहे, असं म्हणणाऱ्यांनी मद्रासच्या स्टुडिओंचा इतिहास चाळावा. १९५५ साली एल. व्ही. प्रसाद यांनी एकच विनोदी कथा तेलुगूत ‘मिसम्मा’ आणि तमिळमध्ये ‘मिस्सियम्मा’ म्हणून केली. सावित्री आणि एस. व्ही. रंगाराव दोन्हींत आहेत. पण तेलुगूत नागेश्वर राव यांनी केलेली गमतीदार हेराची भूमिका तमिळमध्ये तंगवेलू या कसलेल्या विनोदी नटाकडे गेली. एकाच वेळी दोन सिनेमे करतानाही कोणाला कायम ठेवायचं आणि कोणाला बदलायचं, याचा विचार तेव्हाच झालेला दिसतो. पुढे १९६४ चा ‘रामुडु भीमुडु’: भित्रा आणि धीट अशा दोन जुळ्यांची अदलाबदल. दिग्दर्शक तापी चाणक्य यांनी तोच १९६५ मध्ये तमिळला एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन केला आणि १९६७ मध्ये हिंदीत दिलीपकुमारला घेऊन ‘राम और श्याम’. मेहुण्याच्या छळाखाली पिचलेल्या भावाच्या जागी धीट भाऊ येतो आणि चाबूक हातात घेतो, हा तिन्हींचा कणा. तमिळमध्ये त्या चाबकाबरोबर एम.जी.आर. गातात, आणि ते गाणं पुढे त्यांच्या राजकारणाचंच गाणं होऊन बसलं. दिलीपकुमारला त्या जागी असं गाणं दिलं असतं तर ते कोणाला उद्देशून असतं? आपल्याकडे देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मोलियरच्या नाटकावरून, तेही इंग्रजी रूपांतराच्या वळशाने, १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आलं. फाल्गुनरावाला आपण परका मानतो का?

चांगला रिमेक बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतो, हे ‘विक्रमार्कुडु’च्या प्रवासात दिसतं. राजामौलींच्या २००६ च्या या सिनेमात रवी तेजा दुहेरी भूमिकेत आहे, एक भुरटा आणि एक करडा पोलीस अधिकारी. करड्याला जायबंदी करणारी टोळी चंबळच्या खोऱ्यातली. शिवाने २०११ मध्ये कार्तीला घेऊन ‘सिरुत्तै’ केला (तेव्हापासून दिग्दर्शकाचं नावच ‘सिरुत्तै शिवा’ पडलं), तेव्हा ती जुलमी टोळी तमिळनाडूत न ठेवता आंध्रात नेऊन बसवली. हिंदीत ‘रावडी राठोड’मध्ये ती बिहारला गेली. जुलूम नेहमी शेजारच्या राज्यात! पण यात चातुर्य आहे. सरकार-पोलीस नसल्यासारखं गाव स्वतःच्या राज्यात दाखवलं, तर प्रेक्षक लगेच तालुका, पक्ष आणि जात शोधायला लागतो आणि हसायचं विसरतो. गावगुंडी दूर ठेवली आणि भुरट्याची चोरी-चपाटी जवळ, अगदी चेन्नईच्या गल्लीत आणली, की विनोदाला घरची जमीन मिळते. शिवाय सोबतीचा मिस्कील साथीदार म्हणून संतानम दिला, ज्याचं काम वाक्यागणिक उलट टोला हाणण्याचं. मूळ तेलुगूतल्या ब्रह्मानंदमच्या रडवेल्या, अपमान गिळणाऱ्या विनोदापेक्षा हे अगदी वेगळं आहे.

याउलट फक्त बोली बदलून भागत नाही, हे धरणी या एकाच दिग्दर्शकाच्या दोन सिनेमांवरून दाखवता येईल. २००३ च्या तेलुगू ‘ओक्कडु’वरून त्याने २००४ मध्ये ‘घिल्ली’ केला. कर्नूलचं मदुरै झालं, हैदराबादचा चारमिनार जाऊन चेन्नईचा दीपस्तंभ आला, कबड्डी राहिली, खलनायक प्रकाश राज राहिला. पण गुंडापासून पळवलेली मुलगी हिरो स्वतःच्याच घरात, पोलीस अधिकारी बापाच्या नाकाखाली लपवतो, त्या घरातली चहाडखोर धाकटी बहीण आणि खोटं निभावताना उडणारी तारांबळ तमिळमध्ये अशी मुरली, की २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात लावला तरी वीस वर्षांपूर्वीचे संवाद लोक आधीच म्हणत होते. त्याच धरणीने २०११ मध्ये ‘दबंग’वरून ‘ओस्ती’ केला. तिरुनेलवेलीकडची बोली घातली, खलनायक सोनू सूद हिंदीतलाच ठेवला, विनोदाला संतानम घेतला. कागदावर सगळं बरोबर. तरी तो सलमानच्या सावलीतून बाहेर आला नाही, कारण ‘दबंग’चा विनोद कथेत नसून एका नटाच्या चालण्यात आणि चष्मा मागे लटकवण्यात आहे, ते काढलं की उरतो दोन सावत्र भावांचा साधारण तंटा. तेलुगूत हरीश शंकरने हे ओळखलं. २०१२ च्या ‘गब्बर सिंग’मध्ये त्याने तोच सांगाडा घेऊन ठाण्यात गुंडांना अंताक्षरी खेळायला लावली. सिनेमा लोकांच्या लक्षात राहिला तो त्या दृश्यामुळे, आणि ते ‘दबंग’मध्ये शोधून सापडणार नाही.

आणखी एक खड्डा आहे, ज्याबद्दल मुंबईत बसून लिहिणारे सहसा बोलत नाहीत. तेलुगू अ‍ॅक्शन कॉमेडीचा मोठा भाग आंध्रच्या रायलसीमा भागातल्या घराण्यांच्या वैरावर उभा असतो. मोठे वाडे, मिश्यांना पीळ देणारे काका-मामा, कोयते, धुरळा उडवत येणाऱ्या सुमो. तेलुगू प्रेक्षकाला हे आता इतकं सवयीचं आहे, की ते जवळजवळ रंगभूषेसारखं झालंय. तमिळनाडूत ही कुटुंबं आणायची म्हटली, की पहिला सवाल, कुठल्या जिल्ह्यातली? जिल्हा ठरला की बोली ठरते, आणि बोली ठरली की जात उघड होते. ‘रेडी’वरून २०१० मध्ये आलेल्या धनुषच्या ‘उत्तमपुत्तिरन’ला हेच भोवलं. कोंगु पट्ट्यातल्या गौंडर समाजाच्या संघटनांनी संवादांवर हरकत घेतली आणि काही भाग कापावा लागला. तेलुगूत निरुपद्रवी असलेला थट्टेचा कौटुंबिक तंटा कोइम्बतूर-इरोडला पोहोचेपर्यंत एका खऱ्या समाजाची टिंगल झाला होता.

भीतीचं काय म्हणत होतो ते ‘मर्यादा रामन्ना’वरून स्पष्ट होईल. बस्टर कीटनच्या १९२३ च्या मूकपटाची कल्पना: वैऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून पोहोचलेला तरुण; उंबऱ्याच्या आत आहे तोवर पाहुणचाराच्या रिवाजामुळे त्याला कोणी हात लावणार नाही, बाहेर पाऊल टाकलं की मरण. राजामौलींनी २०१० मध्ये ती रायलसीमेच्या वाड्यात बसवली आणि ‘मगधीरा’सारख्या सिनेमानंतर मुद्दाम सुनील हा विनोदी नट हिरो म्हणून घेतला. हा माणूस खरोखर मरू शकतो, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं आहे. म्हणून उंबऱ्याच्या आत राहण्यासाठी त्याने केलेला प्रत्येक क्षुल्लक बहाणा हसवतो. हिंदीत ‘सन ऑफ सरदार’मध्ये तिथे अजय देवगण आला. जो माणूस गरज पडली तर सगळ्या वाड्याला एकटा लोळवेल, तो उंबऱ्याआड का लपतो? तमिळमध्ये २०१४ ला संतानमला मुख्य भूमिका दिली. विनोदी नट घेण्याचा निर्णय अचूक होता. अडचण अशी, की संतानमची सगळी कमाई उलट उत्तरं देण्याची. ज्याच्या जिभेवर जबाब तयार आहे तो घाबरलाय हे पटवणं अवघड, आणि पटकथेने त्याची जीभ काही बांधली नाही. राग मात्र सुखरूप जातो. निशिकांत कामतने ‘डोंबिवली फास्ट’ स्वतःच २००७ मध्ये माधवनला घेऊन तमिळला केला, तेव्हा चिडलेला मध्यमवर्गीय चेन्नईतही ओळखीचाच वाटला.

तर आजचा प्रश्न ‘आवेशम’चा घेऊ, केवळ अंदाज म्हणून, पण तपशिलात. जितू माधवनचा हा मल्याळम सिनेमा एप्रिल २०२४ मध्ये थिएटरात आला आणि मे महिन्यात ओटीटीवर. केरळातून बेंगळुरूला इंजिनीयरिंगला आलेली तीन पोरं सीनियर्सचा मार खाऊन बदल्यासाठी स्थानिक दादा शोधतात, आणि त्यांना सापडतो रंगा: पांढरा शर्ट-पँट, गळ्यात सोन्याच्या साखळ्यांचा ढीग, मल्याळममध्ये कन्नड कालवून बोलणारा फहाद फासिल. तमिळमध्ये कॉलेज बेंगळुरूतच ठेवायचं? तमिळ पोरंही तिथे शिकायला जातात, तेव्हा कथेला अडचण नाही. पण मल्याळी आणि कन्नड माणसांत कावेरीच्या पाण्याचं तसं वैर नाही, तमिळ आणि कन्नड माणसांत आहे. १९९१ ची दंगल आणि २०१६ मध्ये जाळलेल्या बसगाड्या तमिळ प्रेक्षकाच्या आठवणीत आहेत. तमिळ पोरांना कन्नड सीनियर्स मारतात आणि कन्नडमिश्रित तमिळ बोलणारा दादा त्यांना वाचवतो, हे दाखवलं की हलकाफुलका सूड पाण्याच्या वादात भिजलाच म्हणून समजा. चेन्नईत हलवायचं? मग तिरुनेलवेलीच्या पोरांना शहर नवं असेल, पण भाषा परकी नसेल, आणि रंगाची निम्मी गंमत तर त्याच्या धेडगुजरी बोलण्यात आहे. मला विचाराल तर जागा होसूर. तमिळनाडूतच, कर्नाटकाच्या सीमेला लागून, कारखान्यांचं गाव, जिथे तमिळ, तेलुगू आणि कन्नड एकाच टपरीवर ऐकू येतात. तिथला तेलुगूमिश्रित तमिळ बोलणारा दादा कोणाच्याही जखमेवर बोट ठेवत नाही.

पण जागेपेक्षा नट अवघड. रंगा पोरांबरोबर डम्ब शराड्स खेळतो तेव्हा आपण हसतो आणि त्याच वेळी आवंढा गिळतो, कारण हा खरोखर दहशत आहे की नुसताच सोन्याने मढलेला बडबड्या, हे अजून कळलेलं नसतं. हा संशय टिकवणं हेच पहिल्या तासाचं काम. तमिळच्या पहिल्या फळीतला कोणताही स्टार घ्या. पहिल्या दृश्यात त्याच्या एंट्रीला शिट्ट्या पडतील, कागद उधळले जातील, आणि संशय तिथेच मरेल. उरलेला तासभर पटकथा आधीच माहीत असलेली गोष्ट लपवत बसेल. आणखी एक जागा नाजूक आहे. पोरांपैकी एकाची आई फोनवर रंगालाही विचारते, बाळा, तू सुखात आहेस ना? तमिळ सिनेमात आई म्हटलं की वाद्यवृंद आणि गाणं आलंच. ते इथे आलं तर रंगाचा एकटेपणा बुडून जाईल.

व्यवहाराचं बोलायचं तर, रिमेकचे आणि डबिंगचे हक्क वेगवेगळे विकले जातात. रिमेक घेणाऱ्याने तमिळ डबिंगही त्याच करारात बांधून घेतलं नाही, तर शूटिंग चालू असतानाच मूळ सिनेमा तमिळ आवाजात टीव्हीवर किंवा ओटीटीवर येऊन बसतो. थिएटर ते ओटीटी अंतर आता अनेकदा चारच आठवड्यांचं असतं, म्हणजे ‘आधी बघू, मग ठरवू’ला वेळच नाही. मूळ सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय हे गृहीत धरूनच लिहावं लागेल: मध्यंतराचा झटका निराळा, साथीदार निराळा, मारामारीची जागा निराळी. फाईट मास्टरला मूळ सिनेमाची फुटेज दाखवून ‘असंच पण मोठं’ सांगितलं, की विनोदी मारामारीची साधी मारामारी होते, कारण हसू ठोशात नसतं, ठोसा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं आणि तो शॉट मोठ्या सेटवर सगळ्यात आधी कापला जातो. शूटिंगच्या दिवसांत या प्रतिक्रियांसाठी वेगळा वेळ राखावा लागतो, तो स्टारच्या तारखांत मावत नाही. म्हणून हे काम अशा नटाचं, ज्याच्या फॅन क्लबांना पहिल्या तासात त्याचं हसं झालेलं खपेल. स्टारच्या तारखा आधी आणि पटकथा नंतर, या क्रमाने निघालेल्या निर्मात्याने डबिंगचे हक्क घ्यावेत, बरा लेखक आणि बरा आवाज शोधावा, आणि रिमेक दुसऱ्या कोणावर सोडावा.